डेंजर आणि कॉफीचा बंगला

"या हिवाळ्यात माझं एकही कुत्रं थंडीनं मरणार नाही. मरायचंच असेल तर म्हातारपणानं मरावं, नाहीतर जास्त जेवून."

सेखोबेने हे शेजारच्या मोखेलेच्या अंगणात, भर बैठकीत जाहीर केलं. ज्वारीच्या बिअरचं मडकं तेव्हा त्याच्याच हातात होतं आणि ते पुढे सरकवायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. त्यामुळे मंडळींचं लक्ष घोषणेपेक्षा मडक्याकडे जास्त.

"कुत्र्याला देवानं केस दिलेत," मोखेले म्हणाला. "मडकं इकडे दे."

"केस तर तुझ्या मेंढ्यांनाही दिलेत. मग तिन्हीसांजेला त्यांना वाड्यात का कोंडतोस?"

"चोर नेतील म्हणून."

"आणि चोर का येत नाहीत? माझी कुत्री तुझ्याही वाट्याचं भुंकतात म्हणून. मेंढी आत, आपण आत, कोंबडीसुद्धा आत. आणि जो सगळ्यांना राखतो तो बाहेर बर्फात. हा कुठला न्याय?"

मोखेलेने मडकं हिसकावून घेतलं आणि न्यायाचा प्रश्न तिथेच राहिला.

पण सेखोबे थट्टेवारी बोलत नव्हता. गेल्या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, डोंगरावर असा बर्फ पडला होता की वरच्या गावाची वाट दिसेना. सेखोबेचा म्हातारा कुत्रा टोरो त्या बर्फात वाड्याच्या तोंडाशी बसून राहिला. सकाळी सगळ्या मेंढ्या शाबूत होत्या. दारात एक पांढरा ढिगारा होता, आणि त्यातून वाफ येत नव्हती. सेखोबेने पहार घेऊन गोठलेली जमीन फोडली आणि त्याला पुरलं. कुत्र्याला कोणी पुरतं का, म्हणून लोक हसले. आता डेंजर आणि कॉफी ही दोन कुत्री उरली होती. नाव डेंजर असलं तरी तो कोंबडीला वाट देऊन पुढे जाई. भुंकायचं सगळं काम कॉफी करायची.

सेखोबेचं उभं आयुष्य सोन्याच्या खाणीत गेलेलं. काम काय, तर खोदलेल्या बोगद्याचं छत लाकडी टेकूंनी तोलून धरायचं. "अख्खं जोहान्सबर्ग माझ्या टेकूंवर उभं आहे," असं तो सांगत असे, आणि खोटं ठरवायला तिथे खाली उतरणार कोण? असा माणूस कुत्र्यांचं घर बांधायला बसला म्हटल्यावर ते साधं होणार नव्हतंच.

त्याने दगडाची दुहेरी भिंत घातली आणि मधल्या पोकळीत वाळलं गवत ठासून भरलं. जमिनीची ओल लागू नये म्हणून दगडांवर फळ्या टाकून तळ उचलून घेतला. दार वाऱ्याच्या उलट्या दिशेला, इतकं बुटकं की कुत्र्यालाही मान झुकवावी लागेल. दारातून आत गेलं की लगेच वळण, म्हणजे वारा घुसलाच तर भिंतीवर आपटून परत जाईल. दाराला जाड गोणपाटाचा पडदा. वरून मातीच्या ढेकळांचं छप्पर.

"एवढंसं?" बघायला आलेल्या मोखेलेने विचारलं. "दोन कुत्री मावणार कशी?"

"घर जेवढं लहान तेवढं गरम. कुत्र्याला काय दिवाणखाना हवाय? त्याच्या अंगाच्या उबेनंच खोली तापली पाहिजे."

"मग एखादं जुनं कांबळं टाक आत."

"कांबळं ओलं झालं की त्याचा बर्फ होतो. आत फक्त गव्हाचं काड. त्यात कुत्रं बीळ करून बसतं."

गव्हाचं काड हा शब्द ऐकताच चुलखोलीतून सेखोबेची बायको बाहेर आली. थोरल्या लेकीचं नाव पुलेंग, म्हणून हिला सगळे मापुलेंग म्हणत. "ते काड गाईचं आहे," ती म्हणाली. "आणि माझ्या चुलखोलीच्या दाराला फट आहे. तिच्यातून नुसता वारा नाही, आख्खी शेळी आत येते. ती बुजवायला तुम्हाला सवड नाही. आणि कुत्र्यांना बंगला."

"शेळीचं बघू नंतर."

"कालपासून कुत्र्यांच्या लापशीत चरबीही जास्त पडतेय. पाणी कोमट करून देताय. माझा चहा थंड झाला तर कधी विचारलंत?"

"तुला केस—" असं सेखोबे म्हणणार होता, पण लग्नाला बरीच वर्षं झालेला माणूस होता. त्याने वाक्य गिळलं.

गृहप्रवेशाला निम्मं गाव आलं. सेखोबेने पडदा वर केला, नव्या सुनेला आत घेतात तसा हात पुढे केला आणि म्हणाला, "या."

डेंजरने भिंत हुंगली. एका कोपऱ्यापाशी थांबून त्याने सावकाश पाय वर केला. कॉफी आडवी पडली आणि तिला ओढायला लागल्यावर मेल्यासारखी जड झाली. सेखोबेने आत हाड टाकलं. डेंजरने लांबूनच मान ताणली, हाड ओढून काढलं आणि बाहेर थंड जमिनीवर बसून चवीने खाल्लं.

"पाहुण्यांना जागा पसंत नाही," मोखेले म्हणाला आणि सगळे हसत हसत पांगले.

दुपार होईस्तोवर पश्चिमेकडून राखाडी ढग उतरले. वाऱ्याला धार आली. डेंजर आणि कॉफी वाड्याच्या कुडाला अंग लावून कुडकुडत होती, पण बंगल्याकडे बघायला तयार नव्हती. सेखोबे त्यांच्यासमोर उकिडवा बसून कधी गोड बोलत होता, कधी शिव्या देत होता.

"अहो, जेवायला या," मापुलेंगने हाक मारली.

"ही आत गेल्याशिवाय मी जेवणार नाही."

"मग बसा तिथंच."

"बसेन."

"त्यांच्याबरोबरच झोपा."

"झोपेन. तुझ्या चुलखोलीपेक्षा तिथं जास्त गरम आहे."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे त्याला तोंडातून निघतानाच कळलं. मापुलेंग आत वळली. तिने दार लावून घेतलं, फटीसकट.

आता माघार कशी घ्यायची? सेखोबेने विचार केला, धनी जाईल तिथे कुत्रं जातं. आपण आत जाऊन दाखवू. त्याने सोटा कडेला टाकला, अंगावरचं कांबळं आवळून धरलं आणि चारी पायांवर, म्हणजे दोन हात दोन गुडघ्यांवर, आत शिरला. वळणाशी तो अडकला, मग सुटला, मग पाठीवर वळला. गुडघे छातीशी घेऊन काडात पडला आणि थक्क झाला. वाऱ्याचा मागमूस नाही. पाठीखालचं काड हळूहळू तापायला लागलं. एवढं सुख त्याला खाणीतून परत आल्यापासून कधी मिळालं नव्हतं.

बाहेर बर्फ सुरू झाला. मापुलेंगची हाक आली, "पुलेंगचे बाबा, लापशी निवतेय." सेखोबे गप्प राहिला. हाक एकदाच आली होती, आणि त्याच्या मते रुसलेल्या माणसाला निदान तीनदा हाक मारायची असते. दुसऱ्या हाकेला 'हं' म्हणायचं आणि तिसऱ्या हाकेला उठायचं असं त्याने ठरवलं. दुसऱ्या हाकेची वाट बघता बघता त्याला झोप लागली.

इकडे मापुलेंग लापशी झाकून अंगणात आली. नवरा नाही. वाड्यात नाही, गोठ्यात नाही. बंगल्याच्या त्या बुटक्या दारातून माणूस आत शिरेल, हे तिच्या मनातही आलं नाही. त्याचा सोटा बर्फात अर्धा बुडालेला, पावलांच्या खुणा पुसलेल्या. काळ्या तोंडाचा एडका सकाळपासून वरच्या कुरणातून आला नव्हता. तिच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं: हा हट्टी माणूस उपाशीपोटी, हातात काठीही न घेता, एडका शोधायला वर गेला. सोटा उचलून ती मोखेलेकडे धावली. मोखेले आपला अधू गुडघा ओढत गावाच्या प्रमुख बाईंकडे धावला, ज्यांना लहानथोर सगळे मोरेना म्हणत. मोरेनांनी गाव गोळा करायला झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंड बडवलं.

त्या ठणठणाटाने सेखोबे जागा झाला. छातीवर भलतंच ओझं होतं. बोगदा कोसळला, हे त्याच्या मनात पहिलं आलं. मग ओझ्याने त्याचं नाक चाटलं. डेंजर अंगावर पसरला होता आणि कॉफी दाराच्या वळणात बाटलीला बूच बसावं तशी बसली होती. आली होती, दोघंही आपण होऊन आली होती. सेखोबेच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ टोरो," तो पुटपुटला आणि त्याने डेंजरची मान दोन्ही हातांनी धरली.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आले. आडोसा बघून लोक वाड्यापाशीच जमले होते.

"मी त्यांना म्हणाले, कुत्र्यांबरोबर झोपा," मापुलेंग रडत होती. "माझं शेवटचं बोलणं हेच, मोरेना."

"शेवटचं कशाला म्हणता? सापडेल तो," मोरेना म्हणाल्या.

"हट्टी आहे, बढाईखोर आहे. पण खाणीतून दर महिन्याला माझी खुशाली विचारणारा तो एकच होता. बाकीच्यांच्या बायका वाट बघत बसायच्या."

सेखोबे ऐकत राहिला. अशी वाक्यं तोंडावर कधी मिळत नाहीत. आता निघतो असं तो म्हणतच होता, तोच मोखेलेचा आवाज आला आणि त्याचा पाय थिजला. अंगभर काड माखून, कुत्र्याच्या दारातून, मोखेलेच्या देखत रांगत बाहेर यायचं? हा माणूस मरेपर्यंत ती गोष्ट सांगेल. मेल्यावरही सांगेल. ही मंडळी जराशी हलली की मागून निघू, असा त्याने बेत केला.

"वरच्या कुरणाची वाट मी घेतो," मोखेले म्हणत होता.

"तुमचा गुडघा, न्ताते," कोणीतरी थोरपणाचा मान राखून म्हणालं.

"गुडघा गेला खड्ड्यात. त्या गाढवाशी भांडायला मी नसलो तर दुसरं आहे कोण? चला."

पावलं लांब गेली. आणि बेत आखायला इतका हुशार असलेला सेखोबे काडात पडल्या पडल्या शरमेने तापला. बाहेर बर्फ, कलता दिवस, आणि तो लंगडा गडी आपल्यासाठी कड्यावर चाललाय.

"कॉफी, सरक."

कॉफी सरकली नाही. तिने बाहेर नाक काढून बघितलं, बर्फ पाहिला आणि आणखी घट्ट बसली. सेखोबेने ढकललं, चुचकारलं, खाणीतल्या मुकादमाची शिवी हासडली. मग जोरात ओरडला. दुहेरी भिंतीतल्या गवताने ती आरोळी गिळून टाकली. बांधकामाला नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि हीच पंचाईत होती.

मग आयुष्यभर एकही दगड घसरू न दिलेल्या त्या माणसाने डोळे मिटले आणि मागच्या भिंतीला लाथ घातली. पहिल्या लाथेला काही झालं नाही. याचा त्याला अभिमान वाटला. चौथ्या-पाचव्या लाथेला दगड निखळले आणि तो पाय आधी करत बाहेर आला. मागे वळून पाहतो तर भोकातून वारा सरळ आत, आणि डेंजर त्याच्याकडे असा बघतोय की दार उघडं टाकून कुठे चाललास. सेखोबेने क्षणभर विचार केला. मग आपलं चांगलं, लग्नकार्यात वापरायचं कांबळं काढलं, भोकात ठासून बसवलं आणि नुसत्या सदऱ्यावर डोंगराकडे पळत सुटला.

मोखेले त्याला कुरणाच्या अलीकडे, एका खडकावर सापडला. घसरून पडला होता, गुडघा धरून बसला होता. समोरून सदऱ्यात पळत येणारा सेखोबे दिसताच त्याने हात वर केले.

"आलास? जिवंत आहेस?"

"उठ. घरी चल."

"कांबळं कुठे तुझं? अरे देवा. थंडीनं डोकं गोठलं की माणूस कपडे फेकून देतो, असं ऐकलं होतं." मोखेलेने घाईघाईने स्वतःचं कांबळं सोडून त्याच्या अंगावर टाकलं. "घाबरू नकोस. मी तुला वाचवलंय."

"बरं."

"चालता येतंय ना तुला?"

"मला येतंय. तुला येतंय का?"

मोखेलेने उठून बघितलं आणि परत खाली बसला. त्यामुळे थोड्या वेळाने खालून येणाऱ्या लोकांना दिसलं ते असं: हरवलेला माणूस शोधायला गेलेल्या माणसाला पाठुंगळी घेऊन येतोय, आणि पाठीवरचा माणूस दोन्ही हात हलवत ओरडतोय, "सापडला, सापडला, मला सापडला."

मोरेनांच्या घरात गोवऱ्यांच्या जाळाशी सेखोबेला बसवलं गेलं. एकावर एक कांबळी पडली. मेंढीच्या हाडांचं कढत सार तोंडाला लावलं गेलं. एका म्हातारबाने प्रार्थना सुरू केली. सेखोबे खाली मान घालून सार पीत होता. गप्प बसलं तर सगळं निभावणार होतं.

"याला घाम कसा आलाय?" मोखेले म्हणाला. त्याचा गुडघा शेकला जात होता, पण डोळे मोकळे होते. "मघाशी पाठीवर होतो तेव्हाही मला वाटलं. हा आतून गरम आहे."

मापुलेंगने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. मग तिने त्याची माकडटोपी काढली, तिच्यातून काहीतरी ओढलं आणि जाळाच्या उजेडात धरलं. त्याचा वास घेतला.

"बर्फात गव्हाचं काड कुठून आलं, पुलेंगचे बाबा?"

प्रार्थना थांबली.

सेखोबेने साराचं भांडं खाली ठेवलं. एकेक करत अंगावरची कांबळी बाजूला केली आणि उभा राहिला.

"झोपलो होतो," तो म्हणाला. "कुत्र्यांच्या घरात. तुम्ही रुळावर बडवत होता तेव्हा तिथंच होतो."

एकच गलका झाला. कोणाचे गमबूट भिजले होते, कोणाची बोटं बधिर झाली होती, एकीची भाकरी राखेत जळली होती. मोखेले नुसता टक लावून बघत होता, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

"मोखेले चढला तेव्हाच मी बाहेर यायला हवं होतं. लाज वाटली म्हणून आलो नाही. ती चूक, आणि तिची जी शिक्षा असेल ती द्या," सेखोबे म्हणाला. "पण घर बांधलं ही चूक नाही. बाहेर बर्फ पडतोय. या घडीला तुमची कुत्री कुठे आहेत, सांगा. तुम्हाला शोधायला अख्खं गाव निघेल, मोरेना. त्यांना शोधायला कोण निघतं? माझी दोन घोरत पडलीयेत. खोटं वाटत असेल तर चला आणि हात घालून बघा."

मोरेना खरंच उठल्या. मागोमाग सगळे निघाले. मोखेलेला दोघांनी उचललं, कारण त्याने मागे राहायला साफ नकार दिला. बंगल्यावर बर्फाचा थर होता आणि आतून दोन सुरांत घोरणं ऐकू येत होतं. मोरेना गुडघ्यांवर बसल्या, पडदा सारून खांद्यापर्यंत हात आत घातला. लोक थांबले. हात काही बाहेर येईना.

"मोरेना?" मापुलेंगने विचारलं.

"थांबा जरा," मोरेना म्हणाल्या. "बोटं शेकतेय."

निकाल तिथेच लागला. जे जे शोधायला गेले त्यांच्या त्यांच्या कुत्र्यांसाठी सेखोबेने असंच घर बांधून द्यायचं. दगड वाहायला मालकाने यायचं, काड मालकाचं. आणि पहिलं घर मोखेलेच्या अंगणात.

"मोरेना, ही शिक्षा झाली का?" कोणीतरी कुरकुरलं.

"त्याच्या बायकोला विचारा," मोरेना म्हणाल्या.

"शिक्षाच आहे," सेखोबे छाती काढून म्हणाला, आणि आनंद लपवायला त्याने तोंड दुसरीकडे केलं. मापुलेंगने मोखेलेचं कांबळं त्याच्या खांद्यांवरून काढून मोखेलेला परत दिलं, आणि स्वतःच्या कांबळ्याचं अर्धं टोक नवऱ्याच्या पाठीवर ओढलं.

मोखेलेचं घर आठवड्याभरात उभं राहिलं. गुडघा बांधलेला मोखेले खुर्चीवर बसून प्रत्येक दगडाला नाव ठेवत होता. घर पुरं झालं, आणि त्याच्या कुत्र्यांनी आत जायला नकार दिला. मग सेखोबेने सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं की नव्या घराला आधी माणसाच्या अंगाची ऊब आणि वास लागतो. हे शास्त्र आहे आणि ते त्याने स्वतः शोधून काढलंय. त्या दिवशी तो लपून बसला नव्हता, घराची चाचणी घेत होता.

तेव्हापासून गावात हीच रीत पडली. घर बांधून झालं की सेखोबे त्यात शिरतो आणि काड तापेपर्यंत पडून राहतो. त्या वेळी मापुलेंग हातातलं काम टाकून तिथे येते, कमरेवर हात ठेवून डोंगराकडे तोंड करून उभी राहते आणि खालच्या वस्तीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "ऐका हो, पुलेंगचे बाबा आत आहेत. कोणी वर जाऊ नका."

आणि आतून, काडातून, उत्तर येतं, "मी काम करतोय."